सूर्यास्तापूर्वीची सारसबाग

पुण्याच्या रविवार पेठेतील कापडगंजातून निघावे, मंडई ओलांडून बाजीराव रस्त्याला लागावे, पूरम चौक मागे टाकावा, की थोड्याच वेळात समोर झाडी दिसू लागते आणि झाडीच्या वर पर्वतीचा माथा. पायी जाणाऱ्यास अर्धा-पाऊण तास पुरतो. या वाटेने दोन अडीच शतके माणसे देवदर्शनाला जात आली आहेत. त्यांच्यात एक वर्ग असा आहे, की ज्याची नोंद कोणत्याही पुस्तकात आढळत नाही. दर्शन हे ज्यांचे प्रयोजनही होते आणि निमित्तही, अशी ही पेठांतील व्यापारी घराण्यांची जोडपी.

स्थळाची ओळख पुणेकरांना करून द्यावी लागत नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडी आवश्यक आहे. पर्वतीवरील देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधविले. नानासाहेबांच्या मातोश्री काशीबाई यांच्या पायाला व्याधी जडली होती, ती या टेकडीवरील देवीला केलेल्या नवसाने बरी झाली आणि त्याची फेड म्हणून हे देवालय उभे राहिले, अशी आख्यायिका सांगतात. वर जाण्यास १०३ पायऱ्या आहेत. रुंद, ठेंगण्या, हत्तीलाही चढता याव्यात अशा. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनी याच टेकडीवरून पाहिली. पायथ्यापासून थोडे अलीकडे पेशव्यांनी तळे करविले होते. त्या तळ्यातील बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, गणपतीची स्थापना झाली. तळे पुढे गेले, बाग आली. गणपती मात्र अद्याप ‘तळ्यातला’च आहे. बागेला लागून पेशवे पार्क, जिथे १९५६ पासून ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी मुलांना घेऊन फिरते. आणि याच परिसरात दादागुरूंची दादावाडी.

आपल्या घरांतील संध्याकाळ इतरांच्या संध्याकाळीहून निराळी असते, हे या बागेत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचित दिसेल. पुण्यात जुलैच्या प्रारंभी सूर्य साधारण सव्वासातला मावळतो, तर नोव्हेंबरच्या अखेरीस सहाला चार-पाच मिनिटे असतानाच. चौविहार पाळणाऱ्या दांपत्याच्या दृष्टीने हा सव्वा तासाहून अधिक फरक म्हणजे जवळजवळ दोन वेगळे देश. उन्हाळ्यात दुकानातून साडेपाचला उठले तरी बागेत पोहोचून, निवांत बसून, डबा उघडून, वर पाणी पिऊन पुन्हा आकाश उजळ उरते. थंडीत हेच सारे साधायचे तर चारलाच गादीवरून उठावे लागते. काही घरांत सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, आधीच तोंड धुतले जाते. त्यांचे गणित आणखी कठीण. म्हणून पेठेतील कित्येक पेढ्यांवर भिंतीला नवकारसी-चौविहाराच्या वेळांचा तक्ता टांगलेला असतो, आणि सारसबागेला जाण्याचा दिवस उजाडला की मालकाची नजर दुपारपासून त्या तक्त्याकडे वळते.

हॉटेलात जेवण, हीच आज शहरात ‘बाहेर जाण्या’ची व्याख्या झाली आहे. ती आठाला सुरू होते आणि दहाला संपते. ज्यांचा तोंडाचा व्यवहार सूर्याबरोबर मिटतो, त्यांना ही संध्याकाळ उपलब्धच नाही. प्रथमदर्शनी ही उणीव वाटते. परंतु खाणे मध्यभागी नसले म्हणजे दोघांच्या मध्ये उरते ते काय, हा प्रश्न या जोडप्यांपुढे फार लवकर उभा राहतो, आणि त्याचे उत्तर ज्याने त्याने आपापले शोधलेले असते.

अशाच एका दांपत्याची ही वाट. विवाह १९७९ मधला. वधू घोडनदीची, वर कापडगंजातील घाऊक कापडाच्या पेढीवरचा दुसरा मुलगा. घरात सासू-सासरे, थोरले दीर-जाऊ, दोन नणंदा, आणि खालच्या मजल्यावर पेढी. अशा वाड्यात नवविवाहित जोडप्याला एकमेकांशी चार वाक्ये सलग बोलायची तर रात्रीचे साडेदहा उजाडत, आणि तेव्हा दोघांनाही झोप आलेली असे. ‘फिरायला जातो’ असे म्हणण्याची प्राज्ञा नव्हती. मात्र ‘दादावाडीला दर्शनाला जातो’ या वाक्याला त्या घरात कोणीही हरकत घेऊ शकत नव्हते. पौर्णिमा ठरली. महिन्यातून एक.

मंडई ओलांडेपर्यंत पती चार पावले पुढे चालत, पत्नी डोईवरचा पदर सावरीत मागून. ओळखीच्या दुकानांची हद्द संपली, की पुढचे पाऊल मंदावे. पूरम चौकानंतर दोघे बरोबरीने चालत. दादावाडीत दर्शन होई, स्तवन म्हटले जाई, आणि परतण्याआधी पर्वतीच्या पायऱ्या चढून दोघे वर जाऊन उभे राहत. पौर्णिमेला एक गोष्ट घडते, जी पेठेतील अरुंद बोळातून कधी दिसत नाही: पश्चिमेच्या डोंगरांआड सूर्य उतरतो आणि जवळपास त्याच वेळी पूर्वेला चंद्र वर येतो. एका बाजूस नैर्ऋत्येला सिंहगडाची रेघ, दुसऱ्या बाजूस सारे शहर. एकोणीस-वीस वर्षांच्या त्या मुलीने घोडनदी सोडल्यावर इतके मोकळे आकाश प्रथम तिथे पाहिले.

सासूबाई अडाणी नव्हत्या. चार-सहा पौर्णिमा त्यांनी पाहिल्या. एका संध्याकाळी दोघे निघताना त्यांनी सुनेला स्वयंपाकघरात बोलावले. “दर्शनाला एवढा वेळ लागतो का ग?” सून खाली मान घालून उभी. सासूबाईंनी फडताळातून पितळी डबा काढला, त्यात खाखरे, मठरी आणि लोणच्याची फोड घालून झाकण लावले आणि हातात दिला. “घाईने परतू नका. पण दिवस आहे तोवर खाऊन घ्या. उपाशी राहू नका.” या विषयावर त्या घरात पुन्हा कधी चर्चा झाली नाही. डबा मात्र दर पौर्णिमेला भरलेला मिळे, आणि वर्षभरातच पौर्णिमेच्या जोडीला पेढीच्या आठवड्याच्या सुट्टीचा दिवसही मिळू लागला.

१९८४ मध्ये नोंदणी करून कित्येक वर्षे वाट पाहिलेली चेतक स्कूटर हाती आली आणि अर्ध्या-पाऊण तासाची वाट दहा मिनिटांवर आली. ही सोय झाली असे सर्वांनी म्हटले. पत्नीचे मत थोडे वेगळे होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खरे बोलणे वाटेतच होत असे आणि स्कूटरवर मागे बसून वाऱ्यात काही ऐकू येत नसे. पुढे मुले झाली, तेव्हा संध्याकाळ चौघांची झाली. फुलराणीत बसण्याचा हट्ट, पेशवे पार्कातील प्राण्यांपुढे रेंगाळणे, परततांना मुलांचे स्कूटरवरच झोपणे. त्या दहा-बारा वर्षांत दोघांत संसारापलीकडचे बोलणे फारसे झाले नाही, पण जाणे चालू राहिले. प्राणिसंग्रह कात्रजला हलविण्यात आला तेव्हा मुले मोठी झाली होती आणि त्यांना आईवडिलांबरोबर बागेत येण्याची लाज वाटू लागली होती. जोडपे पुन्हा दोघांचे झाले.

बागेत बसण्याच्याही आपल्या लोकांच्या रीती आहेत. सारसबागेची हिरवळ प्रसिद्ध. सुट्टीच्या दिवशी तिच्यावर पाय ठेवायला जागा नसते. पण हिरवळीवर न चालणारी, बाकांवर आणि फरसबंद वाटांवरच बसणारी काही जोडपी ध्यानात येतात. त्यांच्या वस्त्रांवरून नव्हे, या एका संयमावरून ती कोण हे जाणकाराला कळते. चातुर्मासात तर हे अधिकच. पावसाने पर्वतीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. शेवाळ म्हणजे अनंतकाय, त्यावर पाय द्यायचा नाही, आणि घसरण्याचे भय वेगळेच. त्यामुळे आषाढापासून कार्तिकापर्यंत पर्वती वर्ज्य, बागेतील कोरडा बाक तेवढा खरा. बागेबाहेरच्या खाद्यपदार्थांच्या रांगेत कांदा-लसूण नसलेली भेळ आणि बटाट्याऐवजी कच्चे केळे घातलेली पावभाजी आता सहज मिळते. या दांपत्याने ती एकदोनदा खाऊन पाहिली आणि पुन्हा डब्याकडे वळले. पत्नी म्हणाल्या, “चव वाईट नाही हो, पण पावभाजी समोर आली की तुम्ही बोलायचे थांबता.”

यानंतर जे घडले ते अनेक घरांत घडते. २००४ मध्ये कुटुंबाने लक्ष्मी रस्त्यावर किरकोळ विक्रीचे दुकान घेतले. घाऊक पेढीची संध्याकाळ रोजमेळ बसविण्याची असते, तिच्यातून तासभर काढता येतो. किरकोळ दुकानाची संध्याकाळ म्हणजे सारा धंदाच. पाच ते नऊ या वेळात गल्ल्यापासून मालकाने उठायचे नाही, हा त्या रस्त्याचा अलिखित कायदा. सुट्टीच्या दिवशी माल लावणे, कारागीर, वीजवाला. एक आठवडा चुकला, मग महिना, मग पौर्णिमाही. भांडण झाले नाही, कोणी रागावले नाही. पत्नी महिला मंडळाच्या स्तवनांना जाऊ लागल्या. याच सुमारास बिऱ्हाड पेठेतून मुकुंदनगरला हलले. सारसबाग पूर्वीपेक्षा जवळ आली आणि तरी सहा वर्षांत दोघांचे तिथे एकदाही एकत्र जाणे झाले नाही.

विवाहाच्या एकतिसाव्या वाढदिवसाला मुलाने त्यांना एका चांगल्या हॉटेलात नेऊन बसविले. चौविहाराची काळजी घेऊन वेळ मुद्दाम पाचची ठेवली होती. मुलगा-सून मुद्दामच निघून गेली. दोघे समोरासमोर. पदार्थांचे पत्रक वाचून झाले. पतींनी दुकानातल्या नव्या सेल्समनविषयी एक वाक्य सांगितले. पत्नींनी “हो का” म्हटले. पत्रक दुसऱ्यांदा वाचले गेले. पदार्थ येईपर्यंतची ती पंचवीस मिनिटे दोघांनाही फार लांब वाटली. गिऱ्हाइकाशी तासन्‌तास बोलणारा माणूस आपल्या घरच्या माणसापुढे शब्द शोधतो, हे चित्र विनोदी खचितच नाही.

घरी परतताना रिक्षात पत्नी म्हणाल्या, “अहो, पौर्णिमा आहे परवा. दादावाडीला जाऊ या का? दर्शनाला.”

“आता कोणाची परवानगी काढायची आहे?” पती हसले.

“गिऱ्हाइकांची.”

परवा ते गेले. पुढच्या महिन्यापासून आठवड्याचा एक वार लक्ष्मी रस्त्यावरील गल्ल्यावर चार ते सात मुलगा बसेल असे ठरले, आणि पतींनी ते वहीत लिहिले. व्यापाऱ्याच्या घरात जे वहीत चढते तेच घडते. तोंडी ठरलेल्या फेरफटक्याला उधारीइतकीच किंमत असते. पहिल्या काही आठवड्यांत विक्री किती बुडाली याचा हिशेबही त्यांनी मांडला होता म्हणतात. तो त्यांनी पत्नीला दाखविला. तेवढ्यावरून दुकानाचे बोलणे निघाले, आणि या दांपत्याच्या संध्याकाळींनी एक नवे वळण घेतले.

तोवर धंद्याचे सर्व व्यवहार पुरुषांकडे होते. हे आपल्या समाजात नवे नाही. पतीच्या पश्चात बँकेच्या काउंटरपुढे प्रथमच येऊन उभ्या राहणाऱ्या कित्येक सुशिक्षित स्त्रियांना खाते कोणत्या शाखेत आहे, त्यावर नामनिर्देशन आहे की नाही, ते ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ अशा पद्धतीचे आहे की एकट्याच्या नावाचे, यातले काहीच ठाऊक नसते. दागिन्यांची तोळ्यांपर्यंत माहिती असते, ठेवीच्या पावत्यांची नसते. या गृहिणीही त्यांतल्याच एक. सारसबागेच्या बाकावर बसून पती सांगू लागले: बारामतीचा अमुक व्यापारी, त्याचे वडील गेले तेव्हापासून त्याचे येणे थकले आहे, पण त्याला तगादा लावायचा नाही, कारण आपल्या पडत्या काळात त्याच्या वडिलांनी माल परत पाठविला नव्हता. सोलापूरच्या एकाला दिवाळीपर्यंतचा वायदा दिला आहे. पत्नी आकडे लक्षात ठेवीत नसत, माणसे ठेवीत. “म्हणजे ज्यांच्या मुलीच्या लग्नात आपण उभ्या उभ्या परतलो, तेच ना?” अशी त्यांची खतावणी. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या, बाजारातील रोकड आटली आणि येणी जागच्या जागी गोठली. त्या हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळे आणि बोलणे त्यानंतरही चाले. डबा रिकामा, बाग थंड, वर पर्वतीवर दिवे लागलेले.

२०२० च्या मार्चअखेर बागा बंद झाल्या, त्या महिनोन्‌महिने. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी दोघे इमारतीच्या गच्चीवर जाऊ लागले. तिथून पर्वती दिसते. डबा तोच, पितळी. खालच्या मजल्यावरून वर जायला डबा कशाला, असे सुनेने विचारले तेव्हा सासूबाईंकडे उत्तर नव्हते. त्या डबा घेऊन वर गेल्या.

२०२२ च्या पावसाळ्यात पतींना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, उजवी बाजू हळूहळू सावरली, पण कित्येक आठवडे वाचा अडखळत होती. दिवाळीची खरेदी तोंडावर, घाऊक पेढीची येणी बाहेर. मुलाकडे संगणकावर सारी खाती होती; टॅलीत आकडा असतो, वायदा नसतो. कोणाला फोन करायचा, कोणाला मुळीच करायचा नाही, कोणाच्या खात्यावरचे व्याज वडिलांनी शब्दावर सोडले आहे, हे त्यात कुठेच नव्हते. मुलगा यादी घेऊन रुग्णालयात वडिलांच्या उशाशी बसला आणि वडिलांनी डोळ्यांनी पत्नीकडे खूण केली. त्या यादी पाहत गेल्या. “यांना विचारू नकोस, दिवाळीनंतर स्वतः येतील.” “यांना आजच कर, यांच्याकडे पैसा आहे, सवय नाही.” बारामतीच्या नावावर त्या थांबल्या आणि मुलाला ती जुनी हकीकत, माल परत न पाठविल्याची, पहिल्यापासून सांगितली. मुलाने ती प्रथमच ऐकली. अंथरुणावरचा माणूस ऐकता ऐकता मान हलवीत होता. एका ठिकाणी तपशील चुकला तेव्हा त्याने डावा हात वर केला आणि पत्नीने तो दुरुस्त केला.

त्या दिवाळीत पेढीचे व्यवहार अडले नाहीत. एका जुन्या आडत्याने नंतर मुलाला गमतीने विचारले, की तुमच्या मातोश्री पेढीवर कधी बसू लागल्या?

आता २०२४ पासून मंडईहून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो धावते. पेठेत राहिलेल्या जोडप्यांना काही मिनिटांत स्वारगेट गाठता येते आणि तिथून सारसबाग पायी जवळ आहे. सुट्टीच्या दिवशी बागेत नजर टाकली तर अशी बरीच दिसतात. कोणी काठीवर, कोणी पट्टा बांधलेल्या गुडघ्यावर. कोणी अखंड बोलणारे, कोणी अर्धा तास शेजारी बसून एकही शब्द न बोलणारे. न बोलणाऱ्यांचे बिनसले आहे असे समजण्याचे कारण नाही. दिवाळीच्या पहाटे हीच बाग हजारो पणत्यांनी आणि तरुण मुलामुलींनी फुलून जाते, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. सूर्यास्तापूर्वीच्या या बाकांचे छायाचित्र कोणी काढीत नाही, आणि त्यात काढण्यासारखे काही असतेही असे नाही.

कापडगंजातील ते दांपत्य मुकुंदनगरहून रिक्षाने येते. पती काठी घेऊन चालतात. पर्वती त्यांना आता चढवत नाही. पत्नींचे गुडघेही फार दिवसांचे नाहीत, असे डॉक्टर म्हणतात. गेल्या कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या एका सायंकाळी पतींनी रिक्षा पर्वतीच्या पायथ्याशी थांबविली. “तू जाऊन ये वर,” ते म्हणाले, “मी इथे बसतो. काशीबाईंचा पाय बरा झाला, तुझा गुडघा होईल.” पत्नींनी आढेवेढे घेतले, मग निघाल्या. खालून ते पायऱ्या मोजीत होते, मोठ्याने, अजून थोड्या अडखळत्या उच्चारात. दहा. वीस. पत्नी एका हाताने निऱ्या सावरीत, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाऊले टेकवीत चढत होत्या. तिसावर त्या थांबल्या, मागे वळल्या आणि खाली येऊ लागल्या.

“का, दुखतोय का गुडघा?” पतींनी हाक दिली.

गुडघा ठीक होता. डबा आणि पाण्याची बाटली त्यांच्याच पिशवीत राहिली होती, आणि सूर्यास्ताला अठरा मिनिटे उरली होती.